गुऱ्हाळातली विमानं

माझ्या घरमालकांनी मला खोली दाखवण्याआधी विमानाची शेपटी दाखवली. अख्खी शेपटी नव्हे. शेपटीखाली असतो तो लोखंडी हूक. माणसाएवढा लांब दांडा आणि टोकाला वाकडा पंजा. घरामागच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली, जिथे एके काळी उसाच्या रसाची काहील रटरटायची तिथे, दोन ओंडक्यांवर तो आडवा ठेवला होता. मी सांगलीहून आले होते, काखेत वळकटी होती, दुसऱ्या दिवशी उंब्रजच्या शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि हे गृहस्थ मोठ्या आवाजात मला सांगत होते की हा हूक नसता तर विमान थेट समुद्रात गेलं असतं.

"कुठल्या समुद्रात?" मी विचारलं. उंब्रजहून समुद्र म्हणजे घाट उतरून पार पलीकडे.

"कुठल्या बी," ते म्हणाले. "समुद्राला काय गाव असतंय व्हय, बाई?"

मग खोली दाखवली आणि दोन अटी सांगितल्या. पहिली, रविवारी घरात मटण शिजतं, तुम्ही जैन, वास चालणार असेल तर राहा. दुसरी, गुऱ्हाळातल्या वस्तूंचा उपयोग काय, असं कधी विचारायचं नाही. "गाव ह्येच इचारतंय. घरात बी ह्येच इचारत्यात. भाडेकरूनं तरी इचारू नये." मला दोन्ही अटी मान्य झाल्या. हळदीच्या पेठेतलं आमचं नाकासमोर चालणारं घर आणि वडिलांचा अबोला मागे टाकून मी नोकरीला आले होते. पोरीच्या नोकरीचा उपयोग काय, हे मीही पुष्कळ ऐकलं होतं. या माणसाशी आपलं जमणार, हे वळकटी खाली ठेवायच्या आधीच मला कळलं.

आणीबाणी उठून तेव्हा वर्षभर झालं असेल. गाव त्यांना बोटवाले म्हणायचं, मी काका म्हणायचे. साताऱ्याकडच्या त्या पट्ट्यात घरटी एक माणूस लष्करात. कुणी सुभेदार, कुणी हवालदार, भिंतीवर पदकं, गणवेशातले फोटो. त्यात हा एकच गडी नौदलात गेला होता, आणि तिथेही बोट चालवायला किंवा तोफ डागायला नव्हे. ज्या जहाजावरून विमानं उडतात आणि ज्याच्यावर परत उतरतात, त्या जहाजाच्या सपाट माथ्यावर काकांची नोकरी झाली. तो माथा फार आखूड. म्हणून त्यावर आडव्या पोलादी तारा ताणून ठेवलेल्या. विमान उतरताना शेपटीखालचा हूक खाली सोडायचा, हूक तारेत अडकायचा आणि विमान जागच्या जागी थांबायचं. थांबलं की एका माणसानं पळत जायचं, घोंघावणाऱ्या इंजिनाच्या मागून शेपटीखाली शिरायचं, तार हुकातून सोडवायची आणि दुसरं विमान येण्याआधी पळत परत यायचं. तो पळणारा माणूस म्हणजे काका.

"उडन्यात काय हाय?" ते म्हणायचे. "चिमनी बी उडती. थांबता आलं पायजे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की सातवीच्या वर्गात घर्षण शिकवताना माझ्याही तोंडून ते निघून गेलं. मुलं हसली. सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचं आहे.

त्या नोकरीनं काकांचं अंग आणि कान कायमचे घडवून ठेवले होते. ते चालताना नेहमी थोडे वाकलेले, डोक्यावर काहीतरी आहे असं धरून. उंबऱ्यातून जाताना तर चांगली उंच चौकट असूनही खाली वाकायचे. इंजिनांनी कान अधू केलेले, त्यामुळे ते साधं बोलले तरी गल्लीला ऐकू जायचं. आणि मोकळी जागा दिसली की त्यांचे हात वर जायचे. उंब्रजच्या स्टँडवर एसटी आत वळू लागली की काका तिच्यासमोर उभे राहून दोन्ही हात पसरायचे. डावा खाली, उजवा वर, आता सरळ, आता थांब. नवखे ड्रायव्हर शिव्या द्यायचे. जुने मात्र मुकाट्यानं त्यांच्या हातांकडे बघत गाडी लावायचे, कारण काकांनी लावलेली गाडी कधी वेडीवाकडी उभी राहिली नाही. स्टँडच्या साहेबानं एकदा हटकलं, तुम्हाला हे काम कुणी दिलं. काका म्हणाले, "कुनी दिलं न्हाई. म्हनून तर कुनी काढून बी घेत न्हाई."

निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी पेन्शनीतून हा उद्योग सुरू केला. नौदलाची ती विमानं म्हातारी होत चालली होती. मोडीत निघालेल्या विमानांचे तुकडे भंगारवाल्यांकडे जायचे, कधी गोव्यात, कधी मुंबईत. काकांना जुन्या सोबत्यांकडून वर्दी लागायची. मग धोतर-सदरा, खांद्याला पिशवी, पायात नौदलाचे बूट अशा थाटात ते निघायचे आणि दोन-तीन दिवसांनी काहीतरी घेऊन उगवायचे. पंख दुमडायचा सांधा, चाकाचा दांडा, वैमानिकाची खुर्ची. घ्यायचं ते फक्त जहाजावर उतरणाऱ्या विमानाचं. एकदा कुणीतरी जमिनीवरच्या विमानतळावरच्या विमानाचं अख्खं नाक फुकटात देत होता. काकांनी हात लावला नाही. म्हणाले, "जमिनीवर कोन बी उतरंल. जमीन हाय तितंच असती. आमची जमीन हालायची."

हूक आणला तेव्हाची गोष्ट ते स्वतः रंगवून सांगायचे. कोल्हापूरच्या स्टँडवर हमालांनी तो एसटीच्या टपावर चढवला. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायला आला.

"काय हाय ह्ये?"

"हूक."

"कशाचा?"

"विमानाचा."

"आनि विमान?"

"मोडलं."

कंडक्टरनं पेन कानामागे लावलं. त्याच्याकडे सायकल होती, ट्रंक होती, पोतं होतं, कोंबड्यांची पाटी होती. विमानाचा हूक कुठल्याच दरात बसत नव्हता. शेवटी त्यानं आपल्या बुद्धीनं तोड काढली, "नांगर लिवतो." काका म्हणाले, नांगर लिहायचं नाही. हा नांगर नाही. कंडक्टर म्हणाला, आवं मामा, दर एकच, लिहिलं काय नि न लिहिलं काय. प्रवासी ओरडायला लागले, मागून दुसऱ्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. काकांनी हमालांना परत बोलावलं, हूक टपावरून खाली घेतला आणि त्यावर बसून पुढच्या गाडीची वाट पाहिली. पुढच्या गाडीच्या कंडक्टरनं काही न विचारता 'इतर' असं लिहिलं. ते काकांना चाललं. इतर असणं त्यांना मुळीच कमीपणाचं वाटत नव्हतं.

काकी म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, काटक, सतत कामात. एकुलती मुलगी लोणंदला दिलेली. गुऱ्हाळातल्या लोखंडावर काकींचा जेवढा राग होता तेवढा गावात कुणाचाच नसेल. "लोकाच्यात दूधदुभतं वाढतंय, आमच्यात लोखंड वाढतंय," असं त्या भाकरी थापताना तव्याला सांगायच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी वैमानिकाच्या डोक्यावरची ती काचेसारखी पारदर्शक झाकणी अंगणात ओढून आणली आणि तिच्याखाली कुरडया वाळत घातल्या. कावळ्यांचा त्रास नाही, धूळ नाही, ऊन मात्र भरपूर. मला तर ती कल्पना फारच आवडली. काका बाहेरून आले आणि त्यांनी तोंडाचा जो पट्टा सुरू केला तो दिवेलागणीपर्यंत चालला. "त्ये रिटायर झालंय. रिटायर झालेल्याला कामाला लावायचं न्हाई." काकी म्हणाल्या, मी कधी रिटायर व्हायची ते तेवढं सांगा. काकांना नेमकं हेच ऐकू आलं नाही. झाकणी मात्र त्यांनी कुरडया सुकेपर्यंत हलवली नाही, हे मी बघितलं.

खुर्चीचीही अशीच शिस्त. संकटात वैमानिकाला विमानासकट नव्हे, विमानाबाहेर उडवून देणारी ती खुर्ची. आतला दारूगोळा केव्हाच काढून टाकलेला. तरी गावातली मंडळी तिच्यात बसायला घाबरायची. काका ज्याला मान द्यायचा त्यालाच तीत बसवायचे. आमच्या हेडमास्तरांना बसवलं तेव्हा ते बाकीच्यांचा चहा संपेपर्यंत दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते आणि त्यांना चहा बशीतून पाजावा लागतो की काय, अशी वेळ आली होती.

काकांच्या या सगळ्या राज्याला एकच शत्रू होता, आणि तो भिंतीपलीकडे राहायचा. त्यांचे थोरले भाऊ. सारं गाव त्यांना आबा म्हणायचं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा पिळदार, छातीवर पदकं, झेंडावंदनाला पहिली जागा त्यांची. घरं वेगळी, पण शेत एकत्र, गुऱ्हाळही सामाईक, आणि सगळ्या घराण्याचा शब्द आबांचा. त्यांच्या लेखी बोटीवरची नोकरी ही नोकरीच नव्हे. "बोटीवर बसून पगार खाल्ला ह्येनं," असं ते पारावर म्हणायचे. काका तिथेच असले तर म्हणायचे, "बसून न्हाई. पळून."

एका वर्षी तारळी नदीच्या पात्रात आबांचा उसाचा ट्रक रुतला. साखळी होती, पण लावायला धड आकडा नव्हता. आबांनी माणूस धाडला, विमानाचा हूक घेऊन ये म्हणावं. काकांनी सरळ नकार दिला. "आबाला म्हनावं, तू रिटायर झाल्यावर तुज्या हातात कुनी परत बंदूक दिली का?" माणूस निरोप घेऊन गेला. थोड्या वेळानं काका स्वतः धोतर खोचून नदीवर गेले, गुडघाभर चिखलात उभे राहून ट्रकला खांदा लावला आणि तो बाहेर निघेपर्यंत तिथून हलले नाहीत. घरी आले ते खांदा सोलून घेऊनच. काकी हळद लावत बोलत होत्या की लोखंडाला जपायचं आणि हाडांना नाही, ही कुठली रीत. काका म्हणाले, "हाडं अजून नोकरीत हायती."

आबांनी मात्र त्या नकाराची गाठ मारून ठेवली. त्या वर्षी त्यांच्या मुलानं ट्रॅक्टर घेतला होता. गावातला दुसराच ट्रॅक्टर. त्याला सावली हवी होती आणि सावली गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली होती. दसऱ्याच्या आधी आबा अंगणात आले आणि धाकट्या भावाला म्हणाले, "खंडेनवमीला ट्रॅक्टर पत्र्याखाली पुजायचा. तवर तुजं भंगार काढ, न्हाईतर मी काढीन."

"अर्धा पत्रा माझा हाय," काका म्हणाले. "माझ्या अर्ध्यात मी काय बी ठिवीन."

"अर्धा तुजा. वासं कुनी घातलं? तू तवा कुठं व्हतास?"

वासे खरोखरच आबांनी घातले होते आणि काका तेव्हा कुठल्याशा समुद्रात होते. पण भंगार काही त्यांनी काढलं नाही. उलट गोव्याहून निरोप आला, त्यांच्या आवडत्या एका विमानाचं चाक भंगारात निघालं आहे. काकी म्हणाल्या, दसऱ्यापर्यंत घर सोडू नका, आबांचं काही खरं नाही. काका पिशवीत भाकरी घालून निघाले. "आबा बोलतो, करत न्हाई," असं त्यांनी जाताना मलाही सांगितलं. उभ्या जन्मात या माणसानं वारा अचूक ओळखला असेल, भाऊ नाही.

इथे त्या घराची एक रीत सांगितली पाहिजे. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही. समोर आले की पदर पुढे ओढायचा आणि दाराआड व्हायचं. ते उभे असताना बसायचं नाही, खुर्चीवर तर कधीच नाही. त्या भागात जुन्या घरांत तेव्हा हे सर्रास होतं. पण संसार म्हटल्यावर निरोप तर द्यावे लागतात. काकींनी त्यासाठी कोंबड्या धरल्या होत्या. आबा अंगणात आले की काकी दाराआडून कोंबड्यांना म्हणायच्या, "म्हनावं, च्या ठिवू का?" आणि आबाही कोंबड्यांकडेच बघून म्हणायचे, "म्हनावं, नगं." लग्न होऊन आल्यापासून काकी आबांशी एक शब्द थेट बोलल्या नव्हत्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसू आवरेना. काकींनी मला नंतर गंभीरपणे सांगितलं, "हसू नगा बाई. कोंबड्या लय इमानदार. एकाचं दोन करून सांगत न्हाईत."

काका गोव्याला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण नवरात्र असल्यानं काकींनी मटणाऐवजी डाळ चढवली होती. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. सकाळीच कराडचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला, सोबत दोन हमाल आणि वजनाचा काटा. मागून आबा. त्यांनी गुऱ्हाळाकडे बोट केलं आणि म्हणाले, "उचला."

काकी दारात आल्या. पदर पुढे ओढलेला. "म्हनावं, मालक घरात न्हाईत," त्या कोंबड्यांना म्हणाल्या. "आल्याबिगर हात लावू नगा."

"म्हनावं, त्याला सांगून झालंय," आबा कोंबड्यांना म्हणाले.

हमालांनी आधी खुर्ची उचलली आणि टेम्पोत चढवायला सोपी जावी म्हणून फाटकात आणून ठेवली. मग पारदर्शक झाकणी. ती दगडावर घासत नेली, तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मग हूक. भंगारवाल्यानं त्याला दोरी बांधली, तिपाईवरच्या काट्याला लावला आणि काट्याकडे डोळे बारीक करून बघू लागला.

काकी माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी सांगा त्यास्नी."

मी पुढे झाले, जे सुचलं ते बोलले. आबा शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी भाडेकरू. तुमी मास्तरीन. घरच्या वाटनीत तुमी पडू नगा." त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. राग मात्र असा आला की हातातला ओला टॉवेल मी पुन्हा पुन्हा पिळत राहिले.

तेव्हा काकी चालत अंगण ओलांडून फाटकात गेल्या आणि त्या खुर्चीत बसल्या.

फाटक अरुंद. खुर्ची मधोमध. टेम्पो बाहेर, सगळं सामान आत. पण हमाल थबकले ते वाट अडली म्हणून नव्हे. थोरला दीर उभा असताना धाकटी भावजय खुर्चीवर बसली होती. गल्लीतल्या बायका भिंतीवरून डोकावत होत्या, त्यांच्यापैकी एकीनं तोंडावर हात ठेवला. काकींचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पदर डोक्यावरून मागे घसरला होता आणि त्यांनी तो पुढे ओढला नाही.

"आबा," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याशी बोलतीया. कोंबड्यांशी न्हाई."

आबांनी चटकन नजर दुसरीकडे वळवली.

"तुमी लडाईवर गेला तवा जाऊबाईंकडं तुमची पत्रं आली, फोटू आलं. पदक मिळालं तवा गाव हलगी लावून आलं. माझं मालक समुद्रात व्हतं. कुठं, ते कुनाला ठावं न्हाई. कवा येनार, ठावं न्हाई. तुमीच पारावर म्हनायचा, बोटीवर बसून पगार खातंय. मी ते ऐकत हितं तुमच्या गुऱ्हाळाचं चुलान पेटवलं, तुमची पोरं न्हाऊमाखू घातली. वासं तुमी घातलं. खरं हाय. त्या वाशाखाली राबलं कोन?"

हमालांनी हूक हळूच खाली ठेवला.

"माझं तरनपन कुठं गेलं असं उद्या कुनी इचारलं तर मी काय दावू? जाऊबाई भिंतीवरचा फोटू दावतील. मी ह्ये दावीन. मला ह्ये आवडत न्हाई. ह्येनी आनल्यापास्नं मी रोज शिव्या दिल्या. पन माझी सगळी वर्सं ह्या लोखंडात गेल्यात आबा, आनि ती किलोवर जायची न्हाईत."

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली, स्नेहसंमेलनातली, निवडणुकीतली. एवढं सरळ बोलणं पुन्हा ऐकलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आबांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी मला म्हटलं, "बाई, तिला सांगा, ऊठ म्हनावं."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "त्या तुमच्याशी बोलल्या आहेत."

आता खरी अडचण झाली. आबांनी आयुष्यात दोन लढाया पाहिल्या होत्या, पण धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, मिशीवरून हात फिरवला. इकडे तिकडे पाहिलं. शेवटी पायाशी दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडे बघून ते म्हणाले, "म्हनावं, मग ट्रॅक्टर कुठं लावायचा?"

"चिंचंखाली लावा," काकी थेट म्हणाल्या. "उनानं काय वितळत न्हाई ट्रॅक्टर."

भिंतीवरच्या बायकांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं. आबांनी भंगारवाल्याला हातानंच जा म्हणून खुणावलं आणि मान ताठ ठेवून आपल्या घरात गेले. हमालांनी जाताना, काकींनी सांगितलं म्हणून, एकेक वस्तू होती तिथे नेऊन ठेवली. खुर्ची शेवटी. ती न्यायच्या आधी काकी उतरल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "बाई, डाळ करपली असंल."

काका दोन दिवसांनी चाक घेऊन आले. स्टँडपासून घरापर्यंत ज्यानं त्यानं त्यांना गाठून ती हकिगत सांगितली, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ओरडून सांगितली. अंगणात आले ते थेट गुऱ्हाळात गेले, एकेक वस्तू पाहिली, आणि झाकणीवर नवा ओरखडा दिसला तसे बाहेर येऊन म्हणाले, "हिच्यावर ओरखडा पडलाय."

"पडलाय खरा," काकी म्हणाल्या. "माजं ध्यान दुसरीकडं व्हतं."

त्या रात्री घरातून आवाज आला नाही. मोठ्यानं बोलणाऱ्या माणसाचं घर गप्प असलं की शेजाऱ्याला झोप येत नाही, तसं माझं झालं.

सकाळी मी कपडे धुवायला अंगणात आले तर काकी गुऱ्हाळात झाडत होत्या आणि काका हुकाशी उभे होते. दोघांपैकी कुणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"तू काय म्हनलीस आबाला?" काका म्हणाले.

"गावानं सांगितलंच की तुमास्नी."

"तरी बी."

"म्हनलं, ह्ये माजं हाय."

"तुजं?"

"मग कुनाचं? हेडमास्तरास्नी सांगितलं, बाईंना सांगितलं, एसटीच्या लोकांना सांगितलं. मला कवा सांगितलं तुमी, ह्ये काय हाय आनि तुमी तितं काय करत व्हता? मी गावाकडनं ऐकलं."

आता नेहमीचं भाषण सुरू होणार, आखूड माथा, ताणलेल्या तारा, चिमणीसुद्धा उडते, असं मला वाटलं. ते तोंडपाठ होतं सगळं. पण काकांना सुरुवातच सापडेना. त्यांनी हुकाच्या वाकड्या पंज्यावर हात ठेवला आणि पंज्याकडेच बघत राहिले.

"विमान थांबलं की ह्याच्याखाली पळायला लागायचं," ते म्हणाले. "तार सोडवाय."

"व्हय."

"रोज भ्या वाटायचं."

ती धाव मी त्यांच्या तोंडून किती प्रकारांनी ऐकली होती. वैमानिक घाबरलेला असायचा, साहेब घाबरलेला असायचा, नवी पोरं तर रडायची. काका स्वतः त्यात कधी घाबरले नव्हते. काकी झाडायच्या थांबल्या. केरसुणी हातातच होती.

"मला बी वाटायचं," त्या म्हणाल्या. "हितं. रोज. पन मी त्येचं काय गोळा करून ठिवलं न्हाई."

काकांनी काकींच्या हातातली केरसुणी काढून घेतली, भिंतीला टेकवून ठेवली, खांद्यावरच्या टॉवेलनं ओंडक्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "बस. तुजं सांग."

काकी बसल्या. मी कपडे तसेच बादलीत टाकले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.